त्रेचाळीस प्रश्न

चुका शोधून मी पोट भरते. दुसऱ्यांनी बनवलेली ॲप आणि वेबसाइट माझ्याकडे येतात आणि त्या कुठे फसतात ते मी शोधते. नाव टाकायच्या जागी आकडा टाकून बघ, एकच बटण दहा वेळा दाब, मध्येच फोन बंद कर, असली उपद्व्यापी कामं. सोळा वर्षं हेच केल्यावर माणसाची नजरही तशीच होते. दादा म्हणतो, हिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला तर ही आधी तो गळतो का ते बघेल, मग पाणी पिईल.

कंपनीने ऑफिस बंद केलं आणि जगात कुठेही बसून काम करा म्हणून कळवलं, तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. लग्न केलेलं नाही. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आई माझ्याजवळ असायची. एखादं वर्ष परदेशात राहून बघावं असं मनात आहे, हे मी तिला भीतभीतच सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मग मीही येते. इथे एकटी भिंतींशी काय बोलू? भिंती काय, तिथेही असतील."

शहर ठरलं, कागदपत्रं सुरू झाली, आणि घराचा प्रश्न आला. वर्षभरासाठी घर घ्यायचं, तेही न बघता. वहिनीने पहिल्याच दिवशी तिच्या मावसभावाची कथा ऐकवली. बिचारा फोटो बघून घर ठरवून गेला, आणि बॅगा घेऊन पत्त्यावर पोचला तर तिथे टायरचं दुकान. "दुकानदार चांगला होता," वहिनी म्हणाली, "बसायला टायर दिला." आम्ही सगळे हसलो. पण त्या दिवसापासून मी यादी करायला घेतली.

यादीत त्रेचाळीस प्रश्न झाले. नळाला दोन मिनिटांनीही तेवढंच पाणी येतं का. खिडकी लावल्यावर रस्त्याचा आवाज किती येतो. कपाटांच्या मागे ओल आहे का. इंटरनेटचा वेग प्रत्येक खोलीत किती. जिने किती, कठडा कसा आहे, कारण आईचे गुडघे. खिडकीतून रस्त्याच्या नावाची पाटी दाखवा, म्हणजे घर खरंच त्या जागी आहे हे कळेल. स्वतःचं ओळखपत्र चेहऱ्याशेजारी धरा. शिवाय जिथे लोक एकमेकांची घरं दुरून पारखून देतात असा इंटरनेटवरचा एक गट मला सापडला. सहा हजार माणसं, सगळी माझ्यासारखी, लॅपटॉप घेऊन देशोदेशी फिरणारी. त्यांचा म्होरक्या स्वतःला ससाणा म्हणवून घ्यायचा. खोटी जाहिरात तो म्हणे फोटोतल्या सावलीवरून ओळखायचा.

पाच घरं मी व्हिडिओ कॉलवर पाहिली आणि नापास केली. सहावं घर एका सुताराचं होतं.

त्याच्या जाहिरातीत तीन खोल्या लिहिल्या होत्या आणि फोटो दोनच खोल्यांचे होते. माझ्या धंद्यात अशा ठिकाणी बोट ठेवायचं असतं. मी ते टिपून ठेवलं आणि एका रविवारी दुपारी त्याला कॉल लावला. आई माझ्यामागे पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बसली होती.

सुतार सत्तरीचा असेल. फोन त्याने दोन्ही हातांत, भरलेलं ताट धरावं तसा धरला होता. आम्ही दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत बोलत होतो, ते मी इथे आपल्या बोलीत सांगते.

"कुठून सुरुवात करू?" त्याने विचारलं.

"दारापासून," मी म्हणाले. "आणि मी सांगेन तेव्हा थांबा."

तो थांबला, वळला, वाकला. नळ सोडून दोन मिनिटं हात धारेखाली धरून उभा राहिला. भिंतीला टेकवलेलं कपाट त्याने एकट्याने पुढे ओढलं आणि मागची कोरडी भिंत दाखवली. स्वयंपाकघरातले खण स्वतः केलेले म्हणून एकेक बोटाने ढकलून दाखवत होता. "बघा, आवाज नाही. अठरा वर्षं झाली." मला खणांशी घेणंदेणं नव्हतं. मी म्हटलं, "बाथरूम दाखवा." बाथरूमच्या भिंतींना धरायला लाकडी दांडे बसवलेले होते, गुळगुळीत घासलेले. "हे मीच लावलेत," तो म्हणाला. ते कुणासाठी लावले असतील हे माझ्या मनात आलं नाही. आईसाठी बरं, एवढंच डोक्यात आलं आणि मी खूण केली.

मागून आई म्हणाली, "किती सोशिक आहे गं माणूस."

छत्तिसावा प्रश्न झाला आणि बोळाच्या टोकाला एक बंद दार दिसलं.

"ती तिसरी खोली का?"

"हो. ती आज नको. उद्या दाखवली तर चालेल?"

"आज काय अडचण आहे?"

"आज नको," तो पुन्हा म्हणाला. आवाज चढवला नाही.

माझ्या डोक्यात टायरचं दुकान उभं राहिलं. मी म्हणाले, "हे बघा, मी तुमच्या घरापासून हजारो मैलांवर आहे. तुम्ही दाखवाल तेवढंच मला दिसतं. ही खोली दाखवली नाहीत, तर तुम्ही काहीतरी लपवताय असं मी धरून चालेन."

त्याने फोन खाली घेतला. फोनमध्ये मला त्याचे बूट दिसत होते. मग त्याने दारावर हलकेच टकटक केली, आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि दार उघडलं.

खिडकीतून चांगला उजेड येत होता. पलंगावर एक बाई झोपली होती. तोंड उघडं, पांढरे विरळ केस उशीवर विस्कटलेले, अंगातला झगा एका खांद्यावरून घसरलेला. शेजारी स्टुलावर वाटी, चमचा आणि औषधं. आवाजाने तिने डोळे उघडले, फोन पाहिला, आणि चेहरा झाकायला हात उचलला. एकच हात उचलला. दुसरा चादरीवर तसाच पडून राहिला. एका हाताने तिला एक तर चेहरा झाकता येत होता, नाहीतर खांदा. तिने चेहरा झाकला.

चित्र एकदम खाली गेलं, फरशी दिसायला लागली. फरशीकडे फोन धरून सुतार म्हणाला, "ही खोली बारा बाय दहा आहे. खिडकी पूर्वेला. ओल नाही."

यावर मी काय म्हणावं? मी विचारलं, "ही खोली कधी रिकामी होईल?"

नऊ वर्षांपूर्वी कुणी असंच मला विचारलं असतं तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. यादीत तो प्रश्न होता.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणाला. "पत्नीला जिना उतरवत नाही. खाली अंगणात माझा कारखाना आहे, तोच राहण्यासारखा करतोय. तिला बाहेर नेता येईल. म्हणून वरचं घर द्यायचंय."

राहिलेले प्रश्नही मी विचारले. त्याने खिडकीतून पाटी दाखवली, ओळखपत्र गालाशी धरलं. कॉल संपला. तो सगळा मी रेकॉर्ड केला होता. तसं करते आहे हे त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "आजारी माणूस दाखवून दया आणायची, ही जुनी युक्ती आहे बरं का. आधी दार उघडत नाही म्हणाला, मग उघडलं. नाटक नसेल कशावरून?" ती काळजीनेच बोलली, तिला मी दोष देत नाही.

मग मी ते रेकॉर्डिंग सहा हजार माणसांच्या त्या गटात टाकलं. खोलीचा तेवढा भाग कापावा असं मनात आलं होतं. कापायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण शंका त्या खोलीचीच होती, ती कापली तर लोक मत कशावर देणार? असा हिशोबी विचार करून मी ते जसंच्या तसं टाकलं, आणि वर लिहिलं, 'खरं वाटतं का?'

तासाभरात शंभरावर उत्तरं आली. कुणी लिहिलं, 'म्हातारीही भाड्यानेच आणली असेल.' कुणी लिहिलं, 'फर्निचरसकट मिळणार का?' एकाने चेहऱ्यावर हात धरलेलं चित्र तेवढं उचलून त्याखाली लिहिलं, 'घरमालकाने भाडं सांगितलं तो क्षण.'

त्यावर मी हसले. मोठ्याने हसले, आणि हसऱ्या चेहऱ्याची खूण दाबली. ही गोष्ट मी दादालाही सांगितलेली नाही. लोक हसले हे सांगता येतं. लोक हसतातच. मी हसले हे सांगवत नाही.

शेवटी ससाण्याने निकाल दिला. बनावट. सगळ्यांनी जाहिरातीविरुद्ध तक्रार करा. सगळ्यांनी केली, मीही केली. दुसऱ्या दिवशी जाहिरात गायब झाली आणि मला एक चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

चार दिवसांनी सुताराचा निरोप आला. 'माझी जाहिरात दिसेनाशी झाली, का ते कळत नाही. तुम्हाला घर हवं असेल तर अजून आहे. आईंसाठी जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा लावतो आहे.'

मी उत्तर दिलं नाही.

आई मात्र विचारत राहिली. "त्या सुताराच्या घराचं काय झालं?" मी म्हटलं, "फसवा निघाला." "कशावरून?" कशावरून ते मला सांगता येईना, म्हणून मी तिला गटातलं दाखवायला बसले. त्या तिसऱ्या खोलीचं दार उघडलं तसं ती म्हणाली, "बंद कर."

"पुढे बघ ना, लोकांनी काय काय लिहिलंय."

"बंद कर म्हणते ना."

मी बंद केलं. आई कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडली नाही. चष्मा काढून पदराने पुसत बसली. पुसून झाला तरी पुसतच होती.

"तुझे बाबा सात महिने आतल्या खोलीत पडून होते," ती म्हणाली. "मीटर बघायला यायचा त्या माणसालासुद्धा मी बोळाच्या पुढे येऊ दिलं नाही. तुझ्या आत्याला बाहेर बसवून आधी त्यांचा सदरा बदलायचे, मग तिला आत न्यायचे. सख्ख्या बहिणीला. कुणाच्या घरात शिरताना खाकरून शिरावं, एवढं तरी आम्ही तुला शिकवलं होतं असं मला वाटत होतं."

"आई, मी मुद्दाम..."

"मी ऐकत होते. तो नको म्हणाला. दोनदा म्हणाला, तेवढं मलाही कळलं. मी इथे बसून ऐकलं आणि मीही गप्प बसले." एवढं बोलून ती उठली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. त्या दोन दिवसांत मला बाबांची खोली आठवत राहिली. तिथला वास, उशाजवळचा टॉवेल, आणि शेजारचे कुणी आले की बाबा भिंतीकडे तोंड करायचे ते. हे सगळं मी जवळून पाहिलं होतं, आणि तरीही त्या दाराशी मला काहीच आठवलं नव्हतं.

गटातलं रेकॉर्डिंग मी काढून टाकलं. पण ते चित्र एव्हाना माझ्या हातात राहिलं नव्हतं. घरभाड्याशी संबंध नसलेल्या लोकांनीही ते उचललं होतं. परीक्षेचा निकाल, बायकोचा स्वयंपाक, साहेबांचा मेल, कशाखालीही ते चिकटवत होते. ससाण्यानेही ते आपल्या पानावर लावलं होतं. त्याला मी लिहिलं, निदान तू तरी काढ. त्याने लिहिलं, 'टाकलं कुणी होतं?' आणि मग काढलं.

सुताराला लिहायचं मात्र धाडस होईना. रोज दोन ओळी लिहायचे आणि खोडायचे. त्याला काही माहीत नाही, मग उगीच कशाला त्याचं मन दुखवा, अशी मी स्वतःची समजूत घातली. पळवाटा काढायच्या म्हटल्या तर मन मोठं कारागीर असतं.

त्याच शहरात आम्ही दुसरं घर घेतलं. ते त्रेचाळीसच्या त्रेचाळीस प्रश्नांना उतरलं होतं. किल्ली दाराजवळच्या पेटीत होती, पेटीचा आकडा फोनवर आला, मालकाचं तोंड काही दिसलं नाही. नळ उत्तम, ओल नाही, इंटरनेट धो-धो. आईने पहिल्या दिवशी सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाली, "घर चांगलंय. कुणाचं आहे ते काही कळत नाही."

सुताराची गल्ली आमच्या घरापासून बसने बारा मिनिटांवर होती. पाटी तर मीच मागून घेऊन पाहिली होती. पहिल्या दोन महिन्यांत तीनदा मी तिथवर गेले. एकदा कोपऱ्यावरूनच परत फिरले. एकदा समोरच्या फुटपाथवरून, रस्ता चुकल्यासारखी फोनमध्ये बघत चालले. तिसऱ्यांदा बेलच्या बटणापर्यंत बोट नेलं आणि आतून कुणी बोलल्याचा आवाज आला तशी पाय लावून पळाले. एक्केचाळीस वर्षांची बाई, शाळेतल्या पोरासारखी बेल सोडून पळते!

हे मी आईला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल, चल, मी येते बरोबर. ती म्हणाली, "मी नाही येणार. केलंस तू, निस्तर तू. मी आले तर म्हातारी बघून ते तुला चहा देतील आणि तेवढ्यावर भागेल."

चौथ्यांदा मी एका शनिवारी सकाळी गेले. फाटक उघडंच होतं. अंगणात सुतार उकिडवा बसून एका लांब उतरत्या फळीला कानस मारत होता. फळी कारखान्याच्या उंबऱ्यापासून अंगणापर्यंत जात होती, चाकाच्या खुर्चीसाठी. मी नमस्कार केला. त्याने मान वर केली, चेहऱ्यावर ओळख दिसली नाही. मग मी बोलायला लागले, तसा तो हसला.

"आवाज ओळखला! त्रेचाळीस प्रश्नवाल्या बाई!" हात पुसत तो उठला. "आलात तर शेवटी. घर मिळालं का चांगलं? आई कशा आहेत? जिना चढतात?"

तो चिडलेला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने माझ्यासाठी एक स्टूल आणलं, वरचा भुसा फुंकून उडवला. वरच्या घरात आता एक नर्स राहते म्हणाला. जाहिरात का गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही, त्या वेबसाइटने त्याला पुन्हा येऊच दिलं नाही, मग पावाच्या दुकानात चिठ्ठी लावली. भाडेकरू मिळेपर्यंत कारखान्याचं काम अडून राहिलं, म्हणून हलायला उशीर झाला. "तिला आणखी सात आठवडे वर काढावे लागले," तो म्हणाला. "खिडकीतून अंगण बघायची आणि म्हणायची, दिसतंय पण पोचता येत नाही."

"ती जाहिरात माझ्यामुळे गेली," मी म्हणाले.

आणि मग मी सगळं सांगितलं. न विचारता केलेलं रेकॉर्डिंग, गट, शेरे, चित्र, तक्रार. आधी पाठ केलेली वाक्यं सगळी विसरले, आणि नको त्या क्रमाने, मागेपुढे करत बोलले. तो ऐकत होता. कानस त्याच्या हातात होती आणि तो तिचे दात अंगठ्याने चाचपत होता.

"किती लोकांनी पाहिलं?" त्याने विचारलं.

"गटात सहा हजार. नंतर किती, ते सांगता येणार नाही."

"आमच्या गल्लीत सगळे मिळून तीनशे नसतील," तो म्हणाला. मग म्हणाला, "त्या दिवशी ती माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नव्हती. मी तिला म्हटलं, अगं, एकटीच बाई होती, पुन्हा कधी दिसणारही नाही. विसरून जा."

पायाशी लाकडाचा भुसा पडला होता.

"मला सांगितलंत ते ठीक. आता तिला सांगा. मी नाही सांगणार. मी तिच्याशी खोटं बोलत नाही, पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही."

"आत्ता?"

"थांबा इथे. आधी मी तिला विचारतो."

तो आत गेला. दहा-बारा मिनिटं तरी लागली असतील. मला निघून जाता आलं असतं, आणि माझा स्वभाव पाहता मी गेलेही असते, पण स्टुलावरून उठवेना. मग दार उघडलं आणि त्याने मानेने आत या म्हटलं.

काकू खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांना मनातल्या मनात काकूच म्हणते, तोंडावर म्हणायचा मला अधिकार नाही. केस मागे नीट बांधलेले, अंगात निळा स्वेटर, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. निकामी हात मांडीवर उशीवर ठेवलेला. त्या एकतीस वर्षं पोस्टात खिडकीवर बसत होत्या, हे मला नंतर कळलं. समोर उभ्या माणसाकडे बघायची त्यांची पद्धत अजून तशीच होती, पुढे काय काम आहे ते सांगा, अशी.

मी पुन्हा सगळं सांगितलं, सुताराशी बोलले त्याच भाषेत. त्यांचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, पण समजत सगळं होतं. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दाखव."

"काय?"

"चित्र."

"नको. तुम्हाला त्रास..."

"सगळ्यांनी पाहिलं," त्या म्हणाल्या. "मीच पाहिलं नाही."

ते माझ्या फोनमध्ये होतं. मी ते का ठेवलं होतं कोण जाणे. मी फोन पुढे धरला. त्यांनी चांगल्या हातात तो घेतला आणि कितीतरी वेळ बघत बसल्या. सुतार दारातच उभा होता, तो बघायला आला नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"खांदा उघडा आहे," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"याला मी सांगितलं होतं, उद्या. उद्या नर्स येणार होती, आंघोळ घालायला." मग बराच वेळ शब्द जुळवत राहिल्या. "दोन मिनिटं थांबली असतीस... तर केस विंचरून... मीच तुला खोली दाखवली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इथेही मला माझीच लाज वाटली, कारण रडायची पाळी तिथे माझी नव्हती. त्यांनी पाण्याकडे लक्ष दिलं नाही.

"तू हसलीस?" त्यांनी विचारलं.

हे मी सुताराला सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं, पण एवढं गाळलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

"हो," मी म्हणाले. "हसले."

त्यांनी डोळे मिटून घेतले. रागावल्या की थकल्या ते मला कळलं नाही. फोन माझ्यापुढे धरला. मी तो घेतला.

"आता जा," त्या म्हणाल्या. "मी दमले."

सुतार फाटकापर्यंत आला. मी म्हणाले, "माफ करा म्हणायलाही तोंड नाही." तो म्हणाला, "मला नका म्हणू," आणि फाटक लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

त्या आठवड्यात जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. जाहिरातीच्या वेबसाइटला माझ्या नावानिशी लिहिलं, तक्रार खोटी होती, घर खरं आहे, माणूस खरा आहे. त्यांनी महिन्याभराने सुताराचं खातं उघडलं, ज्याची त्याला आता गरज नव्हती. गटात मी सगळी हकीकत लिहिली, हसले तेसुद्धा. काहींनी मला शिव्या दिल्या, काहींनी लिहिलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. एका बाईने लिहिलं, माझीही आई अशीच पडून आहे. मी गट सोडला. ते चित्र मात्र अजून फिरतं. मागच्या महिन्यात कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणीतरी पडद्यावर दाखवलं आणि सगळे हसले. मी म्हणाले, या बाई मला माहीत आहेत, कृपा करून हे काढा. दाखवणाऱ्याने ते काढलं आणि मीटिंग पुढे चालू झाली.

आईला मी घडलं तसं सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी स्वतःच म्हणाली, "मला त्या गल्लीपर्यंत सोड." मी म्हटलं, "भाषा?" ती म्हणाली, "आजाऱ्याजवळ बसायला भाषा कशाला लागते?"

तिने त्यांच्याकडे जाऊन आपण कोण ते कसं समजावलं, हे मला माहीत नाही. त्या दिवशी ती तासभर आत होती. आता दर शनिवारी जाते. दोघी अंगणात बसतात. आई विणते, काकू एका हाताने लोकरीचा गुंडा धरतात. सुताराने आईसाठी वेगळी खुर्ची केली आहे, गुडघ्यांच्या मानाने उंच. आई त्यांचे शब्द शिकते आहे आणि त्यांना आपले शिकवते आहे. काकूंना 'पुरे' आणि 'अजून' असे दोन शब्द छान येतात म्हणे.

मी तिला कोपऱ्यावर सोडते आणि बसथांब्यावर लॅपटॉप उघडून बसते. मला आत कुणी बोलावलेलं नाही, आणि बोलावल्याशिवाय मी जाणार नाही.

परवा परत येताना बसमध्ये मी आईला विचारलं, "त्या कधी माझ्याबद्दल काही विचारतात का?"

आई खिडकीबाहेर बघत होती. तिला माझं मन राखायचं असतं तर काहीही सांगता आलं असतं.

"नाही," ती म्हणाली.